कामगार संघटना, व्यवस्थापन आणि मध्यस्थी : कोल्हापूर जिल्ह्यातील उद्योगांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींमधील कारखान्यांत वेतन कराराच्या निमित्ताने कामगार प्रतिनिधी आणि व्यवस्थापन अशा दोन्ही बाजूंबरोबर बसण्याचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे. या बैठकांच्या आधी, मध्ये आणि चहाच्या वेळी तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर येतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. दोन्ही बाजूंच्या वाचकांनी एकच मजकूर वाचावा या हेतूने कामगारांसाठी आणि मालकांसाठी वेगवेगळे भाग केलेले नाहीत.

मध्यस्थी, समेट आणि लवाद यांत फरक काय?

बोलताना हे तीनही शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात आणि त्यातून पुढे गैरसमज होतात, म्हणून सुरुवातीलाच ते वेगळे केलेले बरे. मध्यस्थीत दोन्ही बाजूंनी आपखुशीने निवडलेली तिसरी व्यक्ती त्यांना बोलते करते. निर्णय देण्याचा अधिकार तिला नसतो आणि तिचे ऐकण्याचे बंधन कोणावर नसते. समेट ही कायद्याने घालून दिलेली पायरी आहे. शासनाने नेमलेला समेट अधिकारी, म्हणजे आपल्याकडे साधारणपणे सहायक कामगार आयुक्त कार्यालयातील अधिकारी, वादाची दखल घेऊन दोन्ही बाजूंना बोलावतो. निवाडा त्यालाही देता येत नाही. लवादाचा मार्ग स्वीकारला की मात्र निर्णय तिसऱ्याच्या हाती जातो आणि तो मान्य करण्याचे दोघांनी आधीच लिहून दिलेले असते.

व्यवहारात महत्त्वाचा फरक आणखी एक आहे. समेटाच्या कार्यवाहीत झालेला करार त्या आस्थापनेतील सर्व कामगारांना, अगदी नंतर नोकरीला लागणाऱ्यांनाही, लागू होतो. बाहेर परस्पर झालेला करार फक्त सही करणाऱ्या पक्षांना बांधतो. त्यामुळे खासगी मध्यस्थीतून तोडगा निघाला तरी अंतिम सह्या समेट अधिकाऱ्यासमोर कराव्यात, असा माझा आग्रह असतो. त्यासाठी एक दिवस जास्त जातो, पण ‘आम्ही त्या करारात नव्हतोच’ असे म्हणण्याची वाट बंद होते.

संपाची नोटीस निघण्याआधीच मध्यस्थ बोलावणे हा कमकुवतपणा नाही का?

हा प्रश्न दोन्ही बाजूंकडून येतो आणि दोघांच्याही मनात तो खरा असतो. द्वारसभेत आवेशाने बोललेला पदाधिकारी दुसऱ्याच दिवशी मध्यस्थाचे नाव काढतो, तेव्हा ‘हा विकला गेला’ अशी कुजबुज होऊ शकते. आणि मालकाला वाटते की आपण पुढाकार घेतला तर समोरचा मागणी आणखी वाढवील. या भीतीला सोपे उत्तर नाही. एवढे मात्र अनुभवाने सांगता येते की नोटीस निघाल्यावर, फलकावर आरोपपत्रे लागल्यावर आणि दोन-चार जण निलंबित झाल्यावर आलेल्या मध्यस्थाचा अर्धा वेळ मूळ मागण्यांऐवजी या नव्या जखमांवर जातो. निलंबितांना आधी कामावर घ्या, मग बोलू, असे एक बाजू म्हणते. आधी मंदगती काम थांबवा, असे दुसरी म्हणते. आणि मागणीपत्रक तसेच पडून राहते.

यावर एक उपाय चांगला लागू पडतो. चालू वेतन करारातच एक कलम घालावे की कराराची मुदत संपण्यापूर्वी ठरावीक काळात तोडगा निघाला नाही तर दोघांनी मिळून मध्यस्थ नेमावा. मग मध्यस्थ कोणी ‘बोलावला’ हा प्रश्नच उरत नाही. तो कराराप्रमाणे येतो.

मध्यस्थ कोण असावा?

निवृत्त कामगार न्यायाधीश, कामगार खात्यातून निवृत्त झालेले अधिकारी, दोन्ही बाजूंची वकिली केलेले ज्येष्ठ वकील, समाजकार्य किंवा कामगार कल्याण शिकवणारे प्राध्यापक, असे अनेक जण हे काम करू शकतात. आपल्या भागात वाद चिघळला की आमदारांकडे किंवा एखाद्या वजनदार नेत्याकडे जाण्याची रीत आहे. त्यात गैर काही नाही आणि अशा वजनाने कित्येक टाळेबंद्या उठल्याही आहेत. फक्त तेथे तोडगा नेत्याच्या शब्दाखातर स्वीकारला जातो. एकमेकांचे म्हणणे पटले म्हणून नव्हे. पुढच्या वेळी पुन्हा तेथेच जावे लागते.

मध्यस्थाला फाउंड्रीतली (धातूचे ओतकाम करणाऱ्या कारखान्यातली) भट्टी किती वाजता पेटते, फेटलिंग विभागात, म्हणजे ओतलेल्या भागांच्या कडा साफ करतात तेथे, कोणत्या पाळीला माणसे कमी पडतात, रिजेक्शन, म्हणजे सदोष म्हणून नाकारलेला माल, कोणाच्या नावावर टाकले जाते, हे माहीत असावे किंवा ते जाणून घेण्याची तयारी असावी. पहिल्या बैठकीपूर्वी संपूर्ण कारखाना एकदा पायी फिरून पाहिल्याशिवाय मी काम स्वीकारत नाही.

मध्यस्थ बैठकीत नेमके काय करतो?

सर्वसाधारण उत्तर देण्यापेक्षा एक प्रसंग सांगतो.

ऑगस्ट २०१९च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर आले आणि वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. त्यानंतर एका फाउंड्रीत वाद उभा राहिला. पुराच्या दिवसांचा पगार द्यायचा की नाही? व्यवस्थापनाचे म्हणणे ‘काम नाही तर दाम नाही’ असे होते. संघटनेचे म्हणणे होते की सगळ्यांना सगळ्या दिवसांचा पूर्ण पगार मिळाला पाहिजे. दोन संयुक्त बैठका झाल्या आणि दोन्हींत हीच दोन वाक्ये वेगवेगळ्या आवाजात म्हटली गेली.

तिसऱ्या वेळी दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या खोल्यांत बसवले. व्यवस्थापनाकडून हजेरीपत्रक मागितले आणि संघटनेला प्रत्येक कामगाराच्या नावापुढे त्याचे गाव लिहायला सांगितले. एवढ्याशा कामाने चित्र बदलले. गैरहजर असलेले सगळे एका प्रकारचे नव्हते. काहींची घरेच पाण्यात गेली होती. काहींची घरे कोरडी होती, पण रस्ता बंद होता. आणि एक तिसरा गट होता, ज्याच्याविषयी आतापर्यंत कोणीच बोलले नव्हते : भट्टी आणि यंत्रे सांभाळण्यासाठी जे मोजके कामगार घरी न जाता पाच दिवस कारखान्यातच राहिले, त्यांचा. बंद खोलीत त्यांच्यापैकी एकाने सांगितले की घरी बसलेल्यालाही पूर्ण पगार आणि पाच रात्री पोत्यावर झोपलेल्यालाही तेवढाच, हे आम्हाला पटत नाही. सभासदांत फूट पडल्यासारखे दिसेल म्हणून संघटनेने हे म्हणणे मालकासमोर मांडलेले नव्हते.

त्यानंतरच्या संयुक्त बैठकीत चिखली गावच्या एका कामगाराने बँकेचे पासबुक टेबलावर ठेवले. गाळाने त्याची पाने एकमेकांना चिकटली होती. तो काही बोलला नाही. कारखान्याच्या मालकाने ते पासबुक हातात घेतले, एक पान सोडवायचा प्रयत्न केला, ते फाटू लागले तसे परत खाली ठेवले, आणि मग पहिल्यांदाच विचारले की घरे गेलेली नेमकी किती माणसे आहेत. तोडगा त्याच संध्याकाळी निघाला. घरे पाण्यात गेलेल्यांना पूर्ण पगार, रस्ता बंद असलेल्यांना अर्धे दिवस पगारी आणि अर्धे दिवस शिल्लक रजेतून, आणि कारखान्यात राहिलेल्यांना पगारावर वेगळा भत्ता असे ठरले.

या प्रसंगात मध्यस्थाने कोणताही तोडगा सुचवला नव्हता. त्याने खोल्या वेगळ्या केल्या, दोन याद्या मागितल्या आणि खोलीत ऐकलेले परवानगी घेऊन योग्य वेळी बाहेर मांडले. हेच सूत्र पुढच्या वेतन करारात ‘नैसर्गिक आपत्ती’ या नावाने एका परिच्छेदात लिहून घेतले गेले. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा कार्मिक अधिकाऱ्याने त्या परिच्छेदावर बोट ठेवून पगार काढला. बैठक घ्यावीच लागली नाही.

चर्चा शेवटी पैशावरच अडते. मग मध्यस्थाचा उपयोग काय?

पैशाचा प्रश्न पैशानेच सुटतो, हे खरे आहे, आणि वाढ देण्याची ऐपत असताना ती टाळण्यासाठी मध्यस्थ आणणे हा त्याचा गैरवापर आहे. परंतु पैशाच्या आकड्याआड पुष्कळदा दुसरे काही असते. फाउंड्रीत उत्पादनाशी जोडलेला भत्ता असेल तर रिजेक्शनमध्ये साच्याचा दोष किती, वाळूचा किती आणि पॅटर्नचा, म्हणजे साचा ज्यावरून घडवतात त्या नमुन्याचा, किती, यावर एकमत नसल्याने दर महिन्याला कुरबुर होते आणि तीन वर्षांनी तीच कुरबुर मागणीपत्रकात मोठा आकडा होऊन येते. अशा ठिकाणी आकड्यावर घासाघीस करण्यापेक्षा रिजेक्शन तपासणीच्या वेळी संघटनेचा एक माणूस उभा राहू देणे अधिक उपयोगी पडते.

इचलकरंजीच्या यंत्रमाग धंद्यात मजुरी कापडाच्या मीटरमागे आणि ‘पिकां’च्या (कापडात विणलेल्या आडव्या धाग्यांच्या) हिशेबाने ठरते. तेथे महागाई भत्ता वाढला की त्याचे पीस रेटमध्ये रूपांतर कसे करायचे, हा वादाचा गाभा असतो. २०१३ मध्ये या शहरात यंत्रमाग कामगारांचा दीर्घ संप झाला. एकदा सूत्र ठरले की दरवर्षी नव्याने भांडावे लागत नाही. पण सूत्र पाळले जात नाही अशी शंका आली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. साखर कारखान्यांत तर वेतनवाढ राज्य पातळीवरच्या त्रिपक्षीय समितीत ठरते. त्यामुळे स्थानिक पातळीवर मध्यस्थाला थकीत पगार, हंगामी कामगारांचा रिटेन्शन भत्ता (हंगाम नसलेल्या काळासाठी मिळणारा) आणि ठरलेल्या वाढीची अंमलबजावणी एवढ्याच गोष्टी हाताळायच्या असतात. त्या छोट्या नाहीत. गळीत हंगाम संपल्यावर घरी बसलेल्या माणसाला थकलेला भत्ता कोणत्या तारखेला मिळणार हे लेखी समजले, तर त्याचा पुढचा हंगाम निराळ्या मनाने सुरू होतो.

दिवाळी बोनसचा वाद दरवर्षी का होतो?

१९६५च्या बोनस कायद्याने वेतनाच्या किमान ८.३३ टक्के आणि कमाल २० टक्के अशी चौकट घालून दिली. या दोन आकड्यांमधली जागा मोठी आहे आणि चर्चा दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे दोघांनाही घाई असताना, सुरू होते. ताळेबंद उन्हाळ्यात तयार होतो; त्याच वेळी तो समजावून सांगणारी एक बैठक घेतली तर ऑक्टोबरमधली निम्मी ओढाताण वाचते.

माघार घेतली तर आपल्या माणसांत तोंड कसे दाखवायचे?

वाटाघाटींतला सर्वात अवघड प्रश्न हाच असतो. त्यासाठी १९१८ मधील अहमदाबादचे उदाहरण आजही अभ्यासण्यासारखे आहे. तेथील गिरणी कामगारांनी ३५ टक्के वाढीची शपथ घेतली होती आणि मालक २० टक्क्यांच्या वर जायला तयार नव्हते. कामगारांच्या बाजूने महात्मा गांधी आणि अनसूया साराभाई उभे होते, तर गिरणीमालकांचे नेतृत्व अनसूयाबेनचे सख्खे भाऊ अंबालाल साराभाई यांच्याकडे होते. शेवटी लवाद नेमायचे ठरले, पण तोवर कामावर कोणत्या दराने जायचे? त्या वेळी ठरले ते असे की पहिल्या दिवशी ३५ टक्के वाढ द्यावी, म्हणजे कामगारांची शपथ पाळली जाईल. दुसऱ्या दिवशी २० टक्के, म्हणजे मालकांचा शब्द राहील. आणि तिसऱ्या दिवसापासून निवाडा येईपर्यंत दोहोंच्या मधले साडेसत्तावीस टक्के. लवाद आनंदशंकर ध्रुव यांनी पुढे ३५ टक्क्यांचाच निवाडा दिला. पण माझ्या दृष्टीने त्या पहिल्या दोन दिवसांचे मोल अधिक आहे. पैशाच्या हिशेबात त्या दोन दिवसांना जवळजवळ काहीच अर्थ नव्हता, आणि त्यांच्यावाचून गिरण्यांचे भोंगे वाजलेही नसते.

आपल्याकडेही असे करता येते. थकबाकीची रक्कम तीच ठेवून ती ‘फरक’ म्हणून द्यायची की ‘सद्भावना रक्कम’ म्हणून, पहिला हप्ता गणपतीआधी की नंतर, घोषणा कोणी करायची आणि कोठे, या गोष्टी मध्यस्थाने आकड्याइतक्याच गांभीर्याने हाताळाव्यात. द्वारसभेत करार आधी संघटनेने जाहीर करावा आणि त्यानंतर व्यवस्थापनाने फलकावर लावावा, एवढा क्रम पाळल्यानेही पदाधिकाऱ्यांचा मान राहतो.

बैठकीत सांगितलेले बाहेर गेले तर?

मध्यस्थीच्या सुरुवातीलाच दोघांनी लिहून द्यावे की चर्चेत मांडलेला कोणताही प्रस्ताव पुढे न्यायालयात पुरावा म्हणून वापरला जाणार नाही, बैठकीचे ध्वनिमुद्रण होणार नाही आणि वेगळ्या खोलीत सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्याच्या संमतीशिवाय दुसऱ्या खोलीत जाणार नाही. आता मोबाइल आणि व्हॉट्सअॅप ग्रुप यांमुळे हे कठीण झाले आहे. अर्धवट आकडा ग्रुपवर गेला की तासाभरात सगळ्या पाळ्यांत पसरतो आणि मग त्या आकड्याच्या खाली यायला पदाधिकाऱ्यांना जागाच राहत नाही. म्हणून प्रत्येक बैठकीच्या शेवटी बाहेर काय सांगायचे याची दोन ओळींची संयुक्त माहिती तयार करावी आणि दोघांनी तेवढीच सांगावी. काहीच सांगू नका, हा सल्ला माणसांना पाळता येत नाही.

व्यवस्थापनाने हिशेब दाखवावेत का?

दाखवावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘ऑर्डर नाहीत, परवडत नाही’ हे वाक्य कामगारांनी चांगल्या वर्षीही ऐकलेले असते, त्यामुळे वाईट वर्षी त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. सगळा ताळेबंद देणे शक्य नसेल तर गेल्या तीन वर्षांची विक्री, विजेचे बिल, कच्च्या लोखंडाचा भाव आणि एकूण पगारखर्च एवढे चार आकडे द्यावेत आणि संघटनेला ते आपल्या सनदी लेखापालाकडून तपासून घेऊ द्यावेत. ताकाला जाऊन भांडे लपवण्याने येथे नुकसानच होते. संघटनेनेही तितक्याच मोकळेपणाने सांगावे की पंधरा मागण्यांपैकी खऱ्या अडलेल्या कोणत्या चार आहेत.

एकाच कारखान्यात दोन संघटना असतील तर मध्यस्थाने कोणाशी बोलावे?

कायद्याने ज्यांना वाटाघाटीचा अधिकार दिला आहे त्यांच्याशी करार करावा आणि ज्यांच्या मागे माणसे आहेत त्या सर्वांचे ऐकून घ्यावे. महाराष्ट्रात १९७१च्या कायद्याने मान्यतेसाठी किमान ३० टक्के सभासदत्वाची अट घातली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये एकाहून अधिक संघटना असल्यास हजेरीपटावरील ५१ टक्के किंवा अधिक कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना एकमेव वाटाघाटी करणारी संघटना मानली जाते. तसा पाठिंबा कोणालाच नसेल तर किमान २० टक्के पाठिंबा असलेल्या संघटनांची वाटाघाटी परिषद तयार होते.

अधिकृत प्रतिनिधित्व एकीकडे आणि कामगारांचे मन दुसरीकडे गेले तर काय होते, हे मुंबईच्या गिरणगावाने दाखवले. जानेवारी १९८२ मध्ये सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले, तर १९४६च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे प्रातिनिधिक संघटनेचा दर्जा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. ज्यांच्याशी कायद्याने बोलायचे त्यांच्यामागे संपकरी नव्हते आणि ज्यांच्यामागे संपकरी होते त्यांच्याशी बोलायला दार उघडले नाही. त्या संपाच्या शेवटाला इतरही अनेक कारणे होती, पण हे एक मोठे कारण होते. कोल्हापूर जिल्ह्यातील कित्येक घरांतली माणसे त्या गिरण्यांत होती. येथे १९०६ मध्ये राजर्षी शाहू महाराजांच्या काळात सुरू झालेली शाहू मिलही पुढे बंद पडली, त्यामुळे गिरणी बंद होणे म्हणजे काय हे या शहराला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

नव्या संहितेत कोणत्या मुदती लक्षात ठेवाव्यात?

संपापूर्वी १४ दिवसांची नोटीस द्यावी लागते आणि ही अट आता सर्व उद्योगांना लागू आहे. समेटाची कार्यवाही सुरू असताना आणि ती संपल्यापासून ७ दिवस संप किंवा टाळेबंदी करता येत नाही. निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकाच दिवशी ठरवून किरकोळ रजा घेतली तर तोही संप समजला जातो. समेट अधिकाऱ्याला सर्वसाधारण वादात ४५ दिवसांत आणि संपाची नोटीस आलेली असल्यास १४ दिवसांत काम पूर्ण करायचे असते. समेट फिसकटला तर अहवालानंतर ९० दिवसांच्या आत कोणताही पक्ष थेट न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. १४ दिवसांत विश्वास तयार होत नाही, म्हणून मध्यस्थीची सुरुवात या घड्याळाच्या आधी व्हायला हवी. जुन्या कायद्याखाली सुरू झालेल्या प्रकरणांबाबत कामगार कार्यालयात किंवा वकिलांकडे चौकशी करूनच पुढचे पाऊल टाकावे.

न्यायालयात दावा सुरू आहे. आता मध्यस्थी करता येईल का?

करता येते आणि करावी. तोडगा निघाल्यास तो न्यायालयापुढे मांडून त्याप्रमाणे आदेश घेता येतो. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाल्यामुळे मुंबईच्या फेऱ्या वाचल्या आहेत, ही कामगारांसाठी फार मोठी गोष्ट आहे. पूर्वी वरच्या न्यायालयात जाण्याचा खर्च झेपत नाही म्हणून काही कामगार मिळेल त्यावर सही करत. तो दबाव कमी झाला तर मध्यस्थीत दोघे अधिक बरोबरीने बसतील.

कोणत्या बाबतीत मध्यस्थी करू नये?

किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी, राज्य विमा योजनेची वर्गणी यांवर तडजोड होऊ शकत नाही. कायद्याने देय असलेले निम्मे द्या, बाकी सोडून देतो, असा करार मी लिहून देत नाही. सुरक्षेचेही तसेच आहे. वितळलेल्या लोखंडाजवळ काम करणाऱ्याला बूट आणि गॉगल द्यायचे की नाही, हा चर्चेचा विषय असू शकत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार २०१३च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडेच गेली पाहिजे. तेथे समेट होऊ शकतो तो केवळ तक्रारदार महिलेच्या स्वतःच्या विनंतीवरून, आणि पैसे हा त्याचा आधार असू शकत नाही. संघटना स्थापन केली म्हणून कोणाला काढले असेल तर आधी त्याला परत घ्यावे. त्यापूर्वी टेबलावर बसणे म्हणजे त्या कृतीला मान्यता देणे होय.

कंत्राटी कामगारांचे काय?

आज अनेक कारखान्यांत कायम कामगारांपेक्षा कंत्राटी कामगार अधिक दिसतात आणि त्यांत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा येथून आलेली तरुण मुले पुष्कळ असतात. वेतन करारात त्यांचा उल्लेख बहुधा नसतो. मालक म्हणतो ते ठेकेदाराचे. संघटना म्हणते ते सभासद नाहीत. एकाच भट्टीवर शेजारी उभे राहणाऱ्या दोन माणसांत एवढे अंतर असेल तर त्या कारखान्यात शांतता टिकत नाही. मध्यस्थाने पहिल्याच बैठकीत ठेकेदारालाही बोलावण्याचा आग्रह धरावा आणि निदान पगाराची तारीख, पगाराची पावती, पिण्याचे पाणी, कॅन्टीन आणि अपघातानंतरचा उपचार एवढ्या गोष्टी सर्वांसाठी सारख्या करून घ्याव्यात. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोलणारा कोणीतरी बैठकीत असावा.

आमच्या वर्कशॉपमध्ये बारा माणसे आहेत आणि संघटना नाही. आम्हाला यातले काही लागू पडते का?

शिवाजी उद्यमनगरातील लेथवर किंवा हुपरीच्या चांदी कारखान्यात मालक आणि कामगार एकाच डब्यातून जेवलेले असतात, आणि म्हणूनच वाद झाला की तो मनाला अधिक लागतो. तेथे औपचारिक मध्यस्थीची गरज नसते. उचल दिलेली रक्कम, जादा कामाचे तास आणि सुट्या एका वहीत लिहून दर शनिवारी दोघांनी सही केली, तर बहुतेक भांडणांचे मूळच राहत नाही. २० किंवा अधिक कामगार झाले की तक्रार निवारण समिती कायद्यानेच आवश्यक ठरते. ती दोन्ही बाजूंच्या समान प्रतिनिधींची असते आणि तिने ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो.

करार झाला. आता पुढची तीन वर्षे मध्यस्थाचे काम संपले ना?

खरे काम येथून सुरू होते, असे मला वाटते. सह्या झाल्या, हार घातले, पेढे वाटले, छायाचित्र निघाले, आणि त्यानंतर पुढच्या मागणीपत्रकापर्यंत दोन्ही बाजू एकत्र बसल्याच नाहीत, असे मी बऱ्याच ठिकाणी पाहिले आहे. या काळात साठलेले सगळे तीन वर्षांनी एकदम बाहेर येते.

अमेरिकेत १९४७ मध्ये स्थापन झालेल्या संघराज्य मध्यस्थी व समेट सेवेने कडवट संपांनंतर संबंध सावरण्यासाठी एक पद्धत विकसित केली. ती आपल्याकडेही सहज वापरता येते. दोन्ही बाजूंच्या लोकांना कारखान्यापासून दूर नेतात. प्रत्येक बाजू स्वतंत्र बसून दोन गोष्टी लिहिते : समोरच्याने काय करायला हवे आणि आपण स्वतः काय करायला हवे. मग दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले जातात. पर्यवेक्षकाने कामगाराला चारचौघांत ओरडू नये, हे कामगारांच्या कागदावर असतेच. पण कधीकधी ते व्यवस्थापनाच्या ‘आपण काय करावे’ या यादीतही सापडते. विनासूचना गैरहजेरीचेही तसेच, फक्त बाजू उलटी. जे दोन्हीकडे आढळते तेथून सुरुवात करतात आणि प्रत्येक गोष्टीपुढे ती कोण करणार आणि कोणत्या तारखेपर्यंत करणार हे लिहितात.

नाव आणि तारीख या दोन रकान्यांवर सगळे अवलंबून असते. ‘स्वच्छतागृहांची दुरुस्ती लवकरात लवकर करण्यात येईल’ असे लिहिलेला ठराव आणि ‘दुसऱ्या पाळीच्या स्वच्छतागृहाचे दार १५ तारखेपर्यंत देखभाल विभागप्रमुख बसवून घेतील’ असे लिहिलेला ठराव यांत फार अंतर आहे. दुसऱ्या ठरावातले दार १५ तारखेला बसले, की पुढच्या महिन्यात वेतनवाढीच्या हप्त्याविषयी दिलेल्या शब्दावरही माणसे विश्वास ठेवतात. न बसले तर हप्त्याच्या शब्दावरचाही विश्वास उडतो. म्हणून १०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कायद्याने अपेक्षित असलेल्या कामकाज समितीची बैठक दर महिन्याला ठरलेल्या दिवशी व्हावी, तिचे इतिवृत्त एका पानाचे असावे आणि मागच्या महिन्याचे राहिलेले काम सर्वात वर लिहिलेले असावे. पहिले सहा महिने मध्यस्थाने त्या बैठकीत मागे बसून राहावे, त्यानंतर येणे थांबवावे.

पहिली बैठक कोठे आणि कशी ठेवावी?

व्यवस्थापनाच्या केबिनमध्ये नको आणि संघटनेच्या कार्यालयातही नको. एखाद्या महाविद्यालयाची किंवा उद्योजक संघाच्या इमारतीतली साधी खोली चालते. जवळ आणखी एक खोली मोकळी हवी. टेबल गोल असेल तर उत्तम. नसेल तर खुर्च्यांची मांडणी मध्यस्थाने आधी जाऊन स्वतः करावी. प्रत्येक बाजूने पाचांहून अधिक माणसे आणू नयेत आणि त्यांतला निदान एक प्रत्यक्ष शॉप फ्लोअरवर काम करणारा असावा. बैठक पहिल्या पाळीच्या कामगारांना सुटल्यावर जेवून येता येईल अशा वेळी, म्हणजे दुपारी चारच्या पुढे ठेवावी, आणि त्यांच्या त्या वेळेचा पगार कापला जाणार नाही हे निरोपाच्या पत्रातच लिहावे.